काढलं तितकं भरायचं

सिंदेवाहीत घर बांधलं तेव्हा स्लॅबवर सगळ्यात आधी चढलं ते सोलर. भिंतींना रंग नव्हता, खिडक्यांना जाळ्या नव्हत्या, पण काचेच्या नळ्या आणि त्यांच्या डोक्यावरची आडवी टाकी दक्षिणेकडे तोंड करून बसली होती. घर पाहायला येणारे विचारायचे, आधी रंग नाही का द्यायचा? मी सांगायचे, रंगानं कोणाचा दमा कमी होत नाही.

दमा मायचा. नागभीडच्या बाजूला आमचं गाव, तिथे तिनं सारा जन्म चुलीपुढे काढला. गॅस आला तो स्वयंपाकाला. आंघोळीचं पाणी मात्र शेवटपर्यंत लाकडावर. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासून एकच सांगितलं, की औषध मी देईन, पण धूर तुम्ही बंद करा. बाप जाऊन बरीच वर्षं झालेली, मी एकुलती एक. तिला माझ्याकडे आणायचं तर ती यायला तयार नव्हती. लेकीच्या घरी चार दिवस जायचं असतं, राहायचं नसतं, हे तिच्या डोक्यात पक्कं. शेवटी मी तिच्या गरजेलाच हात घातला. तिला उजाडायच्या आत आंघोळ लागते, तीही कढत पाण्यानं, उन्हाळ्यातसुद्धा. म्हटलं, माझ्या घरी काडी लावायची नाही, फुंकणी धरायची नाही, नळ सोडायचा की कढत पाणी. या एका गोष्टीवर ती आली.

मी आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजात गेलेली पहिली. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, हायस्कूलात विज्ञान शिकवते, आणि याचा मला अभिमान आहे. तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. सोलर बसवलं तेव्हा आलेल्या माणसाला मी नकाशा काढून दाखवला होता, की थंड पाण्याची काळी टाकी वर हवी, सोलरची टाकी तिच्या खाली हवी, थंड पाणी सोलरच्या बुडाशी शिरेल आणि गरम पाणी हलकं म्हणून वरच्या अंगानं निघेल. मुलांना जे फळ्यावर शिकवते ते माझ्या स्लॅबवर रोज घडतं, याचं मला फार अप्रूप होतं. अजून आहे.

पहिला हिवाळा छान गेला. मायचा खोकला उतरला. गावाकडच्या बाया भेटायला आल्या की ती त्यांना न्हाणीत नेऊन लाल चकतीचा नळ सोडून दाखवायची.

मग तिचे गुडघे धरले. वाकून बादलीतून तांब्यानं पाणी घेणं जमेना. आमच्या नळवाल्या भाऊंनी तोड काढली. न्हाणीत गरम आणि थंड दोन्ही नळ एका मिक्सरवर येतात, त्याच्या तोंडाला त्यांनी लांब लवचीक नळी लावली आणि नळीच्या टोकाला हातात धरायचा फवारा. दाबला की पाणी, सोडला की बंद. माय पाटावर बसून आंघोळ करू लागली. भाऊ म्हणाले, “आता बाईले राजाराणीसारखं बसल्या जागी पानी.” माय म्हणाली, “राजे काय पाटावर बसत होते का बा?”

त्या वर्षीच्या दिवाळीच्या आगेमागे पाणी बिघडलं. एकदम थंड नाही, कोमट. न्हाणीत कोमट, स्वयंपाकघरातल्या सिंककडे जो गरम नळ नेला होता तिथेही कोमट. दिवसभर कडक ऊन, आभाळात ढग नाही, आणि सकाळी नळातून यायचं ते पाणी म्हणजे उन्हात ठेवलेल्या बादलीतलं.

मी भाऊंना बोलावलं. त्यांनी स्लॅबवर उभं राहून सूर्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, सूर्य तं ड्युटीवर हाये.” नळ्यांवर मात्र करड्या राखेचा थर होता. आमच्याकडे धान निघालं की राइस मिल जोरात चालतात, तुसाची राख उडते आणि सगळ्यांच्या छतांवर बसते. नळ्या पुसल्या. पाणी कोमटच. मग भाऊ म्हणाले, पायपात हवा अडकली. हवा काढली. मग म्हणाले, बोअरचं पाणी जड आहे, आत क्षार बसला असणार. औषध टाकून टाकी धुतली तर खरंच पांढरे पापुद्रे निघाले, दाण्यांच्या टरफलाएवढे. मला वाटलं, सापडलं. पण पाणी कोमटच. शेजारच्या काकांनी वानरांवर संशय घेतला. वानरं आमच्या छतांवर येतात, टाक्यांची झाकणं उचलतात, हे खरं. पण नळी एकही फुटलेली नव्हती. “वानर पानी थंड करत नाई,” भाऊ म्हणाले, “तं सांडवते.”

या सगळ्या दिवसांत माय गप्प होती. एका सकाळी मला धुराचा वास आला. घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे आमच्या परसात, तिनं बांधकामाच्या उरलेल्या विटांची चूल मांडली होती आणि वर जर्मनचं पातेलं चढवलं होतं. सरपण कुठून आणलं विचारलं तर म्हणाली, बाया चालल्या होत्या, गेले मीही जंगलाच्या कडेकडेनं. त्या बाजूला वाघीण पिलांसकट फिरते, हे शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही माहीत. मी बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि खोकत खोकत पातेलं उतरवलं.

आठवडाभरात तिचा खोकला पुन्हा छातीत जाऊन बसला. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबू लागली. आणि मग तिच्या भावाच्या, म्हणजे माझ्या मामाच्या गावी मंडईला जायचं निघालं. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव भरणारा मेळा. दिवसा बाजार, रात्री नाटक, माहेरवाशिणी जमतात. पिशवी भरताना मी पाहिलं, तिनं जास्तीची लुगडी घेतली, शाल घेतली, औषधाचा डबा घेतला. मी विचारलं, इतकं कशाला? तिनं पिशवीची चेन लावली आणि म्हणाली, “इथी बी चूल, तिथी बी चूल. मंग आपल्याच चुलीजवळ बसतो ना मी.”

मी तिला स्टेशनवर सोडलं. गाडी गेल्यावर मला राग सोलरचाच आला, दुसरा कोणाचा यावा?

मंडई होऊन ती मामाकडेच राहिली, तिथूनच पुढे आपल्या घरी जाणार होती. इकडे मी एकटी. ती गेली त्याच दिवशी मी न्हाणी धुतली आणि हातासरशी नळ बंद करून टाकले. दुसऱ्या दिवशी सिंकचा गरम नळ सोडला आणि हात मागे घेतला. चटका. मला वाटलं, भाऊंचं औषध उशिरा लागू पडलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही चटका. न्हाणीतही तसंच. एरवी गरम पाणी तिच्यासाठी ठेवून मी मागच्या मोरीत थंड पाण्यानंच उरकायचे; आता न्हाणीत आंघोळ केली तर अर्धं थंड मिसळावं लागलं. मी लगेच फोन लावला, माय, पाणी झालं, ये. तिनं आढेवेढे घेतले, मामानं समजावलं, आणि ती पहिल्या गाडीनं आली, आल्या आल्या कढत पाण्यानं आंघोळ केली.

दुसऱ्याच सकाळी पाणी कोमट.

ती न्हाणीतून बाहेर आली, केसांना पंचा बांधलेला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “मले पाहून थंड होते का वं तुयं सोलर?”

तिनं थट्टेत म्हटलं, पण पिशवी अजून तशीच भिंतीशी उभी होती, चेन लावलेली. आणि मला पहिल्यांदा असं झालं की हा प्रश्न खरा आहे. ती नसते तेव्हा गरम. ती असते तेव्हा कोमट. ती पाणी जास्त वापरते म्हणून? छे. तिला एक बादली पुरते, मी केस धुतले तर तीन लागतात. मग ती असं काय करते जे मी करत नाही? हे तिला विचारायचं कसं, हाच मोठा पेच. तुझ्यामुळे बिघडतंय असा नुसता वास जरी माझ्या बोलण्याला आला असता तर पिशवी उचलायला तिला वेळ लागला नसता.

म्हणून मी आधी पायपांना विचारायचं ठरवलं. आमचे पाइप भिंतीच्या बाहेरूनच टाकलेले आहेत, भाऊंचाच सल्ला होता तो, की आत गाडले तर गळतीला भिंत फोडावी लागते. तेव्हा हात लावून पाहता येतं. रविवार होता. मायची आंघोळ झाल्यावर थोडा वेळ जाऊ दिला आणि स्लॅबवर गेले. काळ्या टाकीतून एक पाइप सोलरच्या टाकीत थंड पाणी नेतो. तो गार असायला हवा. मी त्याला हात लावला तर तो ऊबदार. सोलरच्या टोकाला ऊबदार, आणि हात सरकवत नेला तर पार काळ्या टाकीपर्यंत ऊबदार. काळ्या टाकीचं झाकण काढून पाण्यात बोटं बुडवली. थंडीच्या सकाळी ते पाणी गार असायला हवं होतं, ते चक्क कोमट होतं.

मी तिथेच बसले. मला थंडी वाजत होती आणि फार मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू. माझं गरम पाणी उलटं चालत होतं. ज्या वाटेनं थंड पाणी आत यायचं त्याच वाटेनं गरम पाणी बाहेर पडून काळ्या टाकीत जाऊन मिसळत होतं. पण पाणी आपल्या मनानं असं जात नाही. त्याला कोणीतरी मागून ढकलायला हवं. ढकलणारं पाणी दुसऱ्या वाटेनं शिरत असणार, आणि सोलरच्या टाकीला दुसरी वाट एकच, खाली घरात जाणारा गरम पाइप. मी त्या पाइपला हात लावला. गार. तो हातानं चाचपत जिन्याच्या भिंतीवरून उतरले, न्हाणीपर्यंत आले. तिथे शेजारी शेजारी दोन पाइप मिक्सरवर येतात. दोन्ही सारखेच गार.

मिक्सरकडे नीट पाहिलं. लाल चकतीचा नळ पूर्ण उघडा. निळ्या चकतीचाही पूर्ण उघडा. आणि नळीच्या टोकाचा फवारा खुंटीला टांगलेला, बंद. तोंड बंद असल्यामुळे एक थेंब गळत नव्हता, पण आत दोन्ही पाइप एक झाले होते. थंड पाणी जड, ते थंड पायपातून खाली उतरायचं, मिक्सरमधून वळून गरम पायपात शिरायचं आणि हळूहळू वर सोलरमध्ये. तिथलं गरम पाणी हटून काळ्या टाकीत. दिवसभर, रात्रभर. सिंकचा गरम नळ सोडला तरी निम्मं पाणी इथूनच थंड मिसळून येत असणार. मी दोन्ही नळ बंद केले. मला वाटलं, ती बंद करायला विसरते. गुडघे दुखतात, फवारा सोडला की पाणी थांबतं, मग उठून दोन चकत्या कोण फिरवणार?

ती स्वयंपाकघरात पोळपाट पुसत होती. मी शक्य तितक्या सहज म्हटलं, माय, आंघोळ झाल्यावर ते दोन नळ राहून जातात का उघडे?

“राहून नाई जात,” ती म्हणाली. “मी ठेवतो.”

मी विचारलं, काऊन?

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच गावाबाहेरची. मग तिनं जे सांगितलं ते मला माहीत होतं, पण ते सोलरला लागू होईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गावच्या घरी चुलीवर एक मोठा गंज, म्हणजे पातेलं असायचं, पाण्याचं. सगळे त्यातूनच आंघोळीला पाणी घ्यायचे. नियम एकच, काढलं तितकं भरायचं. बादलीभर कढत काढलं की बादलीभर थंड त्यात ओतायचं आणि मगच न्हाणीत जायचं, म्हणजे मागच्याला तापलेलं मिळेल. लग्न होऊन आली तेव्हा तिनं एकदा घाईत काढलं आणि भरलं नाही. सासूनं सगळ्यांसमोर म्हटलं, निस्ती काढनारी आली घरात. कित्येक वर्षं कोणाशी भांडण झालं की तेच निघायचं. माझ्या घरी आल्यापासून तिला ते खटकत होतं, की गरम काढायला नळ आहे, भरायला काहीच नाही. मग नळी लागली. एक दिवस दोन्ही नळ चुकून उघडे राहिले आणि तिचा हात गरम पायपाला लागला. आताच चटका देत होता तो पाइप, आणि आता गार पडत चालला होता.

“मी समजली ना,” माय म्हणाली, “थंड पानी वरतं चढून राह्यलं. मंजे भराची जागा इथीच हाये. तेव्हापासून रोज भरतो.”

पाइप गार होतो यावरून पाणी वर चढतंय हे ओळखणं, आणि तेही बरोबर ओळखणं. मी ज्या निष्कर्षाला स्लॅबवरून हात सरकवत आले होते, तो तिनं पाटावर बसून काढला होता. फक्त तिला ही गोष्ट माहीत नव्हती, की सोलर स्वतःच भरतं, मागच्या दारानं. आणि तिला ती कोणी सांगितली नव्हती. नकाशा मी सोलरवाल्याला दाखवला होता, तिला नाही.

“पण माय,” मी म्हटलं, “ते भरायची गरज नाही. आपोआप भरते ते.”

“आपोआप काही भरत नाई पोरी. कोनीतरी भरतेच.” तिनं पोळपाट भिंतीला टेकवला. “आनि तू कमावतं, तू घर बांधलं, तू औषध आनतं. लेकीच्या घरी मी निस्ती काढनारी होऊन राहू का?”

पिशवी कशासाठी भरली होती ते मला तेव्हा कळलं. चूल हे निमित्त होतं.

यावर बोलून काही उपयोग नव्हता. बोलण्यानं माय कधी कोणाचं ऐकल्याचं मला आठवत नाही. म्हटलं, चल, तुला दाखवते कोण भरतं ते. जिना तिला झेपत नव्हता, म्हणून तिला न्हाणीत पाटावर बसवलं, हातात मोबाइल दिला, स्पीकर लावून. सांगितलं, फक्त लाल नळ उघड आणि फवारा दाबून ठेव. मी वर गेले. काळ्या टाकीतून सोलरला थंड पाणी नेणाऱ्या पायपावर एक व्हॉल्व्ह आहे. तो मी बंद केला.

“बारीक झालं,” फोनमधून माय म्हणाली. मग थोड्या वेळानं, “बंद पडलं. टाकी सरली का?”

टाकी भरलेली आहे माय, मी सांगितलं. तरी येत नाही. आता पाहा. मी व्हॉल्व्ह उघडला. फोनमध्ये आधी हवेचा फुसफुसाट आणि मग धार पडल्याचा आवाज. मग म्हणाली, “अजून एकदा बंद कर.” मी बंद केला. “आता सोड.” सोडला. तिनं हे माझ्याकडून इतक्यांदा करून घेतलं की माझी बोटं गारठली. खाली बसून ती मला वर पळवत होती, आणि मला जराही कंटाळा आला नाही. वर्गात एकतरी पोर असं अजून एकदा म्हणावं म्हणून मी वाट पाहत असते.

मी खाली आले तेव्हा ती फवारा हातात धरून बसली होती. म्हणाली, “मंजे थंड घुसल्याशिवाय गरम निंगतच नाई.”

निघतच नाही, मी म्हटलं. तू जितकं काढशील तितकं त्याच घडीला खालून भरलं जातं. तू काढतेस म्हणूनच भरतं. न भरता काढता येईल असं या टाकीत करताच येत नाही, कोणालाच.

“कोनालेच?”

कोणालाच.

तिनं लाल चकती फिरवून बंद केली, मग निळी पाहिली, ती बंदच होती, तरी एकदा दाबून पाहिली. “बुढीले दाखवाले पाह्यजे होतं हे,” ती म्हणाली. बुढी म्हणजे तिची सासू, माझी आजी, जाऊन कैक वर्षं झाली.

दोन दिवसांनी भाऊ आले आणि त्यांनी मिक्सरच्या दोन्ही पायपांवर एनआरव्ही बसवले, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारे व्हॉल्व्ह. आता कोणी नळ उघडे ठेवले तरी पाणी उलटं जाणार नाही. मी त्यांना सगळा प्रकार सांगितला. त्यांनी हसून मायला विचारलं, बाई, इतके दिवस मी वर जाऊन काय काय धुतलं, एका शब्दानं सांगाचं ना. माय म्हणाली, तुम्ही नळवाले, मले वाटलं तुम्हाले मालूम असन. मग ती त्यांच्या शेजारी पाट घेऊन बसली आणि व्हॉल्व्ह हातात घेऊन फुंकून पाहिला. एका बाजूनं फुंक जाते, दुसऱ्या बाजूनं नाही. छातीत दम नव्हता तरी तिनं दोन्ही बाजूंनी फुंकून पाहिलंच. आत काय असते? भाऊंनी आतली चकती दाखवली. ती पानी आलं का उघडते आनि वापस आलं का बसते? असंच. मंग क्षार बसला तं? भाऊ म्हणाले, तेव्हा मले फोन कराचा.

त्यानंतरच्या सकाळी न्हाणीतून वाफ बाहेर येत होती. माय आंघोळ करून आली, पिशवीची चेन उघडली, लुगडी काढून दांडीवर टाकली आणि माझ्या फोनवरून मामाला फोन लावायला सांगितला. गावच्या घराच्या पडवीत तिनं माझ्याकडे यायच्या आधीच रचून ठेवलेलं सरपण होतं, सालभर पुरेल इतकं. ते सगळं वहिनीला नेऊ दे म्हणाली. मामा तिकडून काहीतरी विचारत होता. ती म्हणाली, नाई, मले आता लागत नाई, मी इथीच हाये.

फोन माझ्या हातात देताना तिनं मला विचारलं, उन्हाळ्यात पाणी फार तापलं तर त्या टाकीची वाफ कुठून जाते. मी म्हटलं, वर एक उभी नळी आहे, तिच्यातून.

“दाखव,” ती म्हणाली, आणि जिन्याकडे निघाली. मधल्या पायरीवर थांबली, कठड्याला धरून दम घेतला, आणि मग पुढे चढली.